गौरीच्या पंगतीत प्रत्येकाचं पथ्य: आमंत्रणापासून डब्यापर्यंत

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघतात. मधल्या दिवसाची पंगत बहुतेक घरांत वर्षातली सर्वांत मोठी. कोकणातल्या खड्यांच्या किंवा तेरड्याच्या गौरी असोत, नाहीतर मराठवाड्या-विदर्भातल्या महालक्ष्म्या, नैवेद्याचं ताट त्या त्या घरात ठरलेलं असतं. त्यात पिढ्यान्‌पिढ्या फारसा फरक पडलेला नाही. पंगतीला बसणारी माणसं मात्र बदलली आहेत. एका काकांना इन्शुलिन चालू असतं, धाकट्या नातवाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते, नव्या सुनेला सिलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार असल्यामुळे गव्हाचा कणही चालत नाही, शेजारच्या जैन वहिनींचे व्रताचे दिवस चालू असतात आणि आत्याबाईंना दात नाहीत.

अशा वेळी यजमानाच्या मनात दोनच वाटा येतात. एक, कुलाचार बदलता येत नाही, ज्याला जे चालेल ते त्याने खावं. दुसरी, प्रत्येकासाठी वेगळा स्वयंपाक करून दमून जावं. दोन्ही टाळता येतात. नैवेद्याचं पान जसंच्या तसं ठेवूनही पंगतीतल्या प्रत्येकाला पोटभर आणि निर्धास्त जेवता येतं, कारण आपल्या सणाच्या जेवणात भात, डाळ, भाज्या आणि खोबरं इतकं आहे की बहुतेक पदार्थ मुळातच बहुतेकांना चालतात. अडचण होते ती हिंग, दाण्याचं कूट, तळणीचं तेल आणि वाढायचा डाव अशा दुय्यम वाटणाऱ्या गोष्टींमुळे. त्या सांभाळायच्या तर सुरुवात आमंत्रणापासून करावी लागते.

आमंत्रण देतानाच विचारा

आठ-दहा दिवस आधी विचारा. आदल्या दिवशी कळलं तर पाहुण्यालाच अपराध्यासारखं वाटतं आणि तो म्हणतो, "राहू दे हो, मी वरण-भात खाईन." मग खरोखरच तो वरण-भातावर उठतो.

घरच्या ग्रुपवर टाकायचा निरोप असा असू द्या: "गौरीचं जेवण मंगळवारी, पानं साडेबाराला. कोणाला काही चालत नसेल, पथ्य असेल, व्रत असेल, मुलांना कशाची अ‍ॅलर्जी असेल तर रविवारपर्यंत नक्की कळवा. त्याप्रमाणेच स्वयंपाक करायचा आहे." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्याने संकोच कमी होतो.

तरीही ग्रुपवर सगळे सांगत नाहीत. सर्वांदेखत आपला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार सांगायला वडीलधारी माणसं तयार नसतात. त्यांना फोन करा, आणि आजार विचारू नका, पान विचारा. "काकू, यंदा तुमच्या पानात काय वाढू आणि काय नको?" असं विचारलं की काकू मोकळेपणाने सांगतात. "तुम्हाला काही त्रास आहे का हो?" या प्रश्नाला उत्तर एकच येतं: "छे छे, काही नाही."

कोणी काही चालत नाही म्हटलं की आणखी तीन प्रश्न विचारायचे. अजिबात नको, की थोडं चालतं? त्या पदार्थाचा डाव, हात किंवा तेल लागलेलं चालतं का? आणि अ‍ॅलर्जी असेल तर: चुकून पोटात गेलं तर काय होतं, औषध कोणतं, ते बरोबर असतं का? बरीच घरं पहिल्या प्रश्नावरच थांबतात, पण स्वयंपाकघर कसं लावायचं ते दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. कांदा न आवडणाऱ्या भाच्याला भाजीतून कांदा बाजूला काढून चालतो. दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला दाण्याच्या कोशिंबिरीचा चमचा काकडीच्या कोशिंबिरीत गेला तरी दवाखाना गाठावा लागू शकतो.

पाहुण्याने दिलेलं कारण तपासत बसू नका. "आमच्या वेळी नव्हत्या असल्या अ‍ॅलर्ज्या" किंवा "थोडंसं खाल्लं तर काही होत नाही" ही वाक्यं यजमानाच्या तोंडी शोभत नाहीत. व्रताचं पथ्यही आजाराच्या पथ्याइतकंच पाळायचं. ते मोडल्याने अंगावर पुरळ येत नाही म्हणून ते कमी ठरत नाही.

पदार्थाचं नाव नव्हे, घटक लिहा

वहीचं एक पान घ्या. डावीकडे ताटातले सगळे पदार्थ आणि प्रत्येकापुढे त्यात पडणारी प्रत्येक वस्तू, फोडणीसकट. हे एकदाच करावं लागतं, पुढच्या वर्षी तेच पान उपयोगी पडतं.

लिहायला बसलं की लक्षात येतं की नावावरून काहीच कळत नाही. पंचामृत म्हटलं की देवापुढचं दूध, दही, तूप, मध, साखरेचं तीर्थही तेच आणि पानात डावीकडे वाढतात ते मिरची, चिंच, गूळ, खोबरं, तीळ आणि दाण्याचं पंचामृतही तेच. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्याला पहिलं चालत नाही, तीळ-दाण्याची असलेल्याला दुसरं. अळूच्या फदफद्यात दाणे, हरभऱ्याची डाळ, काजू, खोबरं, बऱ्याच घरांत मुळ्याच्या चकत्या आणि दाट व्हायला बेसन असतं. गोड्या मसाल्यात तीळ आणि सुकं खोबरं असतं, म्हणजे कटाची आमटी आणि मसालेभात दोन्हींत तीळ आले. मठ्ठ्यात आणि ओल्या खोबऱ्याच्या चटणीत आलं असतं. मेतकुटात परंपरेने थोडे गहू पडतात. कुरडई तर गव्हाचीच.

यादी झाली की एकेका पाहुण्याचं नाव घेऊन ती वरून खाली वाचा. ज्याच्या वाट्याला पाच-सहा पदार्थही येत नाहीत, त्याच्यासाठीच काही वेगळं करायचं. बाकीच्यांसाठी बहुधा एक साधा नियम पुरतो: वरून घालता येईल ते वरूनच घाला. दाण्याचं कूट, तळलेले काजू, दही, साजूक तूप, खोबऱ्याचा कीस आणि कोथिंबीर वाट्यांत वेगळी ठेवायची, मूळ पदार्थ त्यांच्याशिवाय करायचा. काकडीची कोशिंबीर लिंबू, मीठ आणि जिरं-मिरचीच्या फोडणीवर करून ठेवली तर दही नको असलेला, दाणे नको असलेला आणि जैन पाहुणा, तिघांनाही ती चालते. ज्यांना हवं त्यांनी वाटीतून घ्यावं.

गहू चालत नसेल तर

सिलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनाने लहान आतड्याच्या आतल्या आवरणाला इजा होते. लगेच काही दिसलं नाही तरी इजा झालेली असते, म्हणून "एक घास" इथे चालत नाही. नावं बदललेला गहूही लक्षात ठेवा: रवा, मैदा, कणीक, दलिया, शेवया, कुरडई, सातूचं पीठ, थालीपिठाची भाजणी.

पण सगळ्यांत जास्त फसवतो तो हिंग. बाजारातला नेहमीचा बांधानी हिंग म्हणजे हिंगाचा अर्क, डिंक आणि पीठ. ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. वरण, आमटी, भाजी, भजी, कोशिंबीर या सगळ्यांच्या फोडणीत तो जातो, म्हणजे एका चिमटीने सगळं ताट बाद होतं. डबीवरचे घटक वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, अस्सल हिऱ्या हिंगाचा खडा मिळतो, आणि दोन्ही नाही मिळाले तर त्या दिवशी हिंग नको. जिरं आणि कढीपत्त्याच्या फोडणीवर काही अडत नाही.

दुसरी फसवी जागा म्हणजे गिरणी. ज्वारी, तांदूळ किंवा हरभऱ्याची डाळ ज्या चक्कीवर दळली, तिच्यावर आधी गहू दळलेला असतो आणि पाट्यात उरलेलं पीठ तुमच्या डब्यात येतं. भजीचं बेसन, मोदकाची पिठी आणि भाकरीचं पीठ या पाहुण्यासाठी ग्लूटेनमुक्त असं छापलेल्या बंद पाकिटातलं घ्या. भारतात तसं छापायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. नाहीतर निवडून धुऊन वाळवलेले तांदूळ घरच्या स्वच्छ मिक्सरमध्ये दळा.

पुरणपोळीचं काय? पुरणात हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलची आणि जायफळ, म्हणजे गहू नाही. गहू फक्त पारीत आहे. तेच पुरण तांदळाच्या उकडीत भरून मोदक करा, किंवा वाटीत नुसतं गरम पुरण आणि वर तूप वाढा. फक्त त्यांच्या वाट्याचं पुरण पोळ्या लाटायला घेण्याआधी झाकणाच्या डब्यात बाजूला काढा. पिठाचे हात लागले की उपयोग नाही. तुपाचंही तेच: पोळीवर सोडायच्या तुपाच्या भांड्यात पिठाळ चमचा जातोच, म्हणून त्यांचं तूप वेगळ्या वाटीत.

दाणे, काजू, तीळ

दाण्याच्या अ‍ॅलर्जीत माझं मत स्पष्ट आहे: पाहुण्यांत असं मूल असेल तर त्या दिवशी घरात दाण्याचं कूट करूच नये. मराठी स्वयंपाकघरात कूट मिक्सरच्या पात्याखाली, डावात, ओट्यावर, हाताला, सगळीकडे पोचतं. कुटाऐवजी ओलं खोबरं घातलं तर कोशिंबीर आणि अळू दोन्ही चांगली होतात. नारळाची अ‍ॅलर्जी क्वचित असते, पण तरी विचारून घ्या. तळणीला शेंगदाण्याचं तेल वापरत असाल तर त्या दिवसापुरतं दुसरं आणा. घाण्याच्या तेलात दाण्याचा अंश उतरलेला असतो.

शेंगदाणा ही शेंग आहे, तर काजू, बदाम, पिस्ते, अक्रोड ही वेगळी गोष्ट. एकाची अ‍ॅलर्जी असली म्हणजे दुसऱ्याची असतेच असं नाही, पण अनेकांना दोन्हींची असते. म्हणून नेमकं काय ते आईबापांनाच विचारा. जायफळ हे बी आहे, काजू-बदामासारखं कठीण कवचाचं फळ नव्हे. त्यामुळे पुरणातलं जायफळ अशा बहुतेकांना चालतं.

पाकिटं वाचायची सवय लावा. भारतातल्या २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनुसार पाकिटावर ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे प्राणी, शेंगदाणे व कठीण कवचाची फळं, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांचा वेगळा उल्लेख करावा लागतो. तीळ आणि मोहरी त्या यादीत नाहीत, म्हणून तिळाची अ‍ॅलर्जी असेल तर घटकांची सगळी ओळच वाचायची. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळही सक्तीच्या यादीत आहे. तिथल्या महाराष्ट्र मंडळांच्या गौरी-गणपतीच्या जेवणात गोडा मसाला वापरताना हे ध्यानात असू द्यावं. सुटे पेढे, सुटं फरसाण, बाहेरून मागवलेल्या पोळ्या यांवर काहीच छापलेलं नसतं. विचारल्यावर "त्यात काही नसतं हो" असं उत्तर आलं तर ते उत्तर धरू नका, मसाल्याच्या आणि तेलाच्या पाकिटाचा फोटो मागवा. तो मिळाला नाही तर तो पदार्थ त्या पाहुण्याच्या पानात वाढायचा नाही. येणारे नातेवाईक हौसेने लाडू-चिवडा आणतात, तेही वेगळ्या टेबलावर राहू द्या.

जैन पाहुणे आणि भाद्रपद

भाद्रपद म्हणजे जैनांच्याही व्रतांचा महिना. श्वेतांबरांचं पर्युषण गणेश चतुर्थीच्या सुमारास संवत्सरीला पूर्ण होतं आणि दिगंबरांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होऊन चतुर्दशीपर्यंत चालतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या मराठी जैन घरांत म्हणूनच गौरी जेवण्याच्या दिवशी व्रत चालू असण्याची शक्यता मोठी. एरवी चालणारं त्या दिवशी चालेलच असं नाही, तेव्हा "वहिनी, दशलक्षणात तुमचं काय असतं?" असं थेट विचारावं. कोणाचा उपास असतो, कोणी एकदाच जेवतं, कोणी हिरव्या भाज्या सोडलेल्या असतात.

नेहमीच्या नियमात कांदा-लसणाबरोबर जमिनीखालचं सगळं वर्ज्य: बटाटा, रताळं, मुळा, गाजर, बीट, सुरण, ओलं आलं, ओली हळद. सुंठ आणि वाळलेली हळद चालते. मध चालत नाही. चातुर्मासात पालेभाज्या अनेक जण खात नाहीत, तेव्हा अळूची भाजी त्यांच्यासाठी धरू नका. कच्चं दही आणि डाळ एकत्र, ज्याला द्विदल म्हणतात, तेही अनेक घरांत वर्ज्य असतं. मुगाची भिजवलेली डाळ घातलेली दह्याची कोशिंबीर किंवा दहीवडा त्यामुळे बाद होतो. सूर्यास्तानंतर न जेवणारे बरेच असतात आणि आदल्या दिवशीचं शिळं खात नाहीत, म्हणजे त्यांच्यासाठीचं पुरण त्याच सकाळी शिजवायला हवं. पाणी उकळलेलं लागतं का, तेही विचारा.

हे ऐकून घाबरायचं कारण नाही. गौरीच्या नैवेद्याला चातुर्मासातला कांदा-लसूण न घालणाऱ्या घरांत अर्धं काम आधीच झालेलं असतं. बटाट्याच्या भाजीऐवजी कच्च्या केळ्याची किंवा लाल भोपळ्याची भाजी करा, भजी केळ्याची किंवा घोसाळ्याची करा, चटणीत आलं घालू नका. सोळा भाज्यांचा कुलाचार असेल तर कंद घातलेली मिसळीची भाजी वेगळी ठेवून त्यांच्यासाठी भेंडी-पडवळ-दोडक्याची निराळी करा, आणि नैवेद्यासाठी तुमचा कुलाचार आहे तसा चालू द्या.

त्याच आठवड्यातलं ऋषिपंचमीचं किंवा एकादशीचं काही असेल तर उपासाचे नियमही घराघरांत वेगळे असतात. हळद, कोथिंबीर, टोमॅटो कुठे चालतात, कुठे नाहीत. विचारल्याशिवाय साबुदाण्याच्या खिचडीवर कोथिंबीर भुरभुरू नका.

मधुमेह: गोडापेक्षा वेळ सांभाळा

मधुमेही पाहुण्याला गोड कसं टाळायचं ते स्वतःला ठाऊक असतं. यजमानाकडून चूक होते ती वेळेची. आमंत्रण साडेबाराचं, आरती दीडला, नैवेद्य आणि सवाष्णी झाल्यावर पंगत अडीचला. ज्याने सकाळी साखर कमी करणारी गोळी घेतली आहे किंवा इन्शुलिन टोचलं आहे त्याची साखर तोवर धोकादायक इतकी उतरू शकते. पानांची खरी वेळ सांगा. उशीर होणार असेल तर अकरालाच त्यांना काहीतरी खायला द्या. नैवेद्याआधी खायचं नाही हा नियम औषधावर असलेल्या माणसाला लावू नये. मी त्यासाठी मुगाचं धिरडं किंवा ताक-फुटाणे वेगळे काढून ठेवते आणि देवघरापासून लांब, आतल्या खोलीत देते, म्हणजे त्यांनाही अवघडल्यासारखं होत नाही.

घाम फुटला, हात थरथरले, माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला तर साखर उतरली असं समजून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा.

गूळ चालतो हा समज सोडून द्या. गूळ, साखर, मध तिन्ही रक्तातली साखर वाढवतात. गोडाऐवजी चविष्ट पर्याय भरपूर ठेवा: कोशिंबीर, भरली वांगी, मोडाची उसळ, गौरी येतात त्या दिवशीच्या नैवेद्याची ज्वारीची भाकरी आजही. पुरणपोळ्या मात्र थोड्या पुरीएवढ्या लाटा. पूर्ण पोळी नाकारणारे काका तेवढी आनंदाने घेतात आणि त्यापुढे भात कमी करतात. किती घ्यायचं ते तेच ठरवतील. त्यांच्या पानाकडे बघून "काका, चालतं ना तुम्हाला?" असं पंगतीत विचारणं टाळावं, कारण त्या प्रश्नाने चारचौघांत त्यांचा आजार उघडा पडतो.

बाकीची पथ्यं

रक्तदाबासाठी पापड, कुरडई, लोणचं, सांडगी मिरची यांतलं मीठ मोठं असतं. पापडखारही सोडियमच आहे. वरण आणि एक भाजी कमी मिठाची करा, मीठ तर पानात डावीकडे असतंच. पण "कमी सोडियमचं मीठ" विकत आणून सगळ्यांना वाढू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते घातक ठरू शकतं. त्या रुग्णांचं पथ्य प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून त्यांच्याकडूनच यादी घ्या. कोकण-गोव्यात घालतात ते करमल, म्हणजेच कमरख, मात्र त्यांच्या पानात चुकूनही नको, कारण मूत्रपिंड निकामी असेल तर ते विषासारखं बाधतं. मुतखड्याचा त्रास असलेले अळू आणि पालक बहुधा टाळतात.

दुधाच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूध पचत नसेल तर बासुंदी आणि खीर नको, पण ताक थोडं चालतं आणि साजूक तूप बहुतेकांना चालतं. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर यातलं काहीच नाही, तूपसुद्धा. तांदळाची खीर नारळाच्या दुधात केली तर हे दोघे आणि प्राण्यांपासूनचं काहीच न खाणारे, सगळ्यांना होते. नारळाचं घट्ट दूध शेवटी घाला आणि उकळी येऊ देऊ नका, नाहीतर फुटतं.

एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाला तीर्थाचं पंचामृत लावू नका. मधातल्या जंतूंच्या बीजांमुळे एवढ्या लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. आजीला हे आधी सांगून ठेवावं, कारण बोट बुडवून लावायची माया आवरत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नयेत, घशात अडकतात. दात नसलेल्यांसाठी मऊ भात, आटलेलं वरण, दुधात कुस्करलेली पोळी आणि मऊ शिजवलेला भोपळा. तिखट मिरच्या आणि कडक पापड त्यांच्या पानात आपण होऊन वाढू नका.

कोकणात काही घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटण-माशांचा नैवेद्य असतो. तिथे शाकाहारी पाहुण्यांसाठी भांडी, डाव, तळणीचं तेल आणि बसायची ओळ वेगळी हवी. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जीही मोठ्या माणसांत बऱ्याचदा दिसते. ती विचारायची राहून जाते, कारण सगळे मासेखाऊ असं आपण गृहीत धरतो.

स्वयंपाकाच्या दिवशीचा क्रम

सणाच्या स्वयंपाकात नैवेद्य झाल्याशिवाय चव बघत नाहीत. त्यामुळे "चाखून ओळखू" हा मार्ग बंद आहे आणि भांडी ओळखू येणं भागच आहे. झाकणाला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर ठळक लिहा: "दाणे नाहीत", "गहू नाही", "कांदा-लसूण-कंद नाही". हाताखाली येणारी जाऊ, नणंद, मदतनीस मावशी, सगळ्यांना सकाळीच दाखवा.

क्रम असा ठेवा. पहाटे ओटा पुसून, धुतलेल्या भांड्यांत गहू नसलेले पदार्थ आधी: भात, वरण, आमटी, भाज्या, मोदकाची उकड. ते झाकून दुसऱ्या खोलीत. मग भजी ताज्या तेलात. त्यानंतर त्याच तेलात पापड, आणि कुरडया सगळ्यांत शेवटी. कणीक भिजवणं आणि पोळ्या लाटणं अगदी शेवटी, कारण पीठ हवेतही उडतं. ज्या पोळपाटावर रोज पोळ्या होतात त्यावर मोदकाच्या पाऱ्या करू नका. लाकूड पीठ धरून ठेवतं. हाताने किंवा प्लास्टिकच्या कागदावर करा. कणीक आधीच भिजवून मुरायला ठेवायची असेल तर आदल्या रात्री भिजवून डब्यात बंद करून फ्रीजमध्ये ठेवा आणि ओटा पुसून घ्या.

वाढणं आणि आग्रह

पंगतीत घोटाळा होतो तो वाढप्यांच्या घाईत. कूट घातलेली कोशिंबीर वाढलेला चमचा चटणीत जातो, पोळीचा हात भजीच्या परातीत. म्हणून प्रत्येक भांड्यात स्वतःचा डाव, आणि ज्यांचं पथ्य कडक आहे त्यांचं पान सगळ्यांच्या आधी, पंगतीच्या सुरुवातीच्या टोकाला. तिथे वाढणारा माणूस एकच आणि तो शेवटपर्यंत तोच. दुसऱ्यांदा वाढायला तोच जाईल. केळीच्या पानावर वाढत असाल तर उत्तमच, पान कोरं करकरीत असतं. स्टीलच्या ताटात त्यांचं ताट वेगळं धुवा.

ते पान बाजूला एकटं मांडू नका. पंगतीतच, आपल्या माणसांत. पदार्थांची संख्याही जमेल तितकी सारखी असू द्या. पोळीच्या जागी मोदक, कुरडईच्या जागी पोह्याचा पापड, खिरीच्या जागी नारळाच्या दुधाची खीर. रांगोळी, उदबत्ती, विडा, दक्षिणा सगळं तेच.

आणि आग्रह. मराठी पंगत आग्रहाशिवाय होत नाही हे खरं, पण पथ्याच्या पानावर आग्रह करायचा तो चालणाऱ्या पदार्थाचाच. "अजून एक मोदक घे ना, तुझ्यासाठीच केलेत" हा आग्रह हवाहवासा वाटतो. "एवढीशी पोळी घे, गौरीचा प्रसाद आहे, प्रसादाने काही होत नाही" हा नको. प्रसादातल्या गव्हातही ग्लूटेन असतंच. घरातल्या वडीलधाऱ्यांशी हे बोलणं पंगतीआधी करावं. त्यांना सुनेच्या किंवा नातवाच्या त्रासाचं नेमकं कारण समजावून सांगितलं की तीच मंडळी पहारा देतात.

अ‍ॅलर्जीचा पाहुणा असेल तर औषध कुठल्या पिशवीत आहे ते घरातल्या दोघांना माहीत हवं. अंगावर गांध्या, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, श्वास लागणं, उलट्या, चक्कर यांतलं काही दिसलं तर वाट पाहू नका. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ ठेवायला दिलेलं असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच, आणि १०८ ला फोन. माणसाला आडवं झोपवून पाय थोडे उंच ठेवा, श्वास लागत असेल तर बसतं करा, पण उभं करून चालवू नका. पुरळाची गोळी श्वासाचा त्रास थांबवत नाही, तिच्यावर विसंबून दवाखाना लांबवू नये.

डबे आणि वही

पाहुणे निघताना पुरणपोळ्यांचे डबे भरले जातात. पथ्याचा डबा जेवणं सुरू व्हायच्या आधीच भरून ठेवा, शेवटी उरलेल्यातून नको. उरलेल्यात सगळे चमचे फिरलेले असतात. डब्यावर पदार्थ, त्यातले घटक आणि तारीख लिहा, म्हणजे घरी दुसऱ्या कोणी तो उघडला तरी कळेल.

त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी वहीच्या त्याच पानावर टिपून ठेवा: कोणाला काय चाललं, कुठलं पीठ कुठल्या दुकानात मिळालं, उकड कितीजणांना पुरली, पानं प्रत्यक्षात किती वाजता पडली. पण पुढच्या वर्षी वही बघून आमंत्रण देताना पुन्हा विचारा. दुधाची अ‍ॅलर्जी बरीच मुलं मोठी होता होता मागे टाकतात, दाण्याची फार कमी जणांची जाते, काकांची औषधं बदललेली असतात, आणि एखाद्या नव्या जावयाचं पथ्य अजून कोणालाच माहीत नसतं.